शोधनिबंध, महाविद्यालयीन

एखाद्या मर्यादित पण निश्चित प्रश्नाचे, साधनांची छाननी करून व तर्कसंगत मांडणी करून विद्यार्थ्याने दिलेले लेखी उत्तर म्हणजे महाविद्यालयीन शोधनिबंध होय. पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा एक भाग म्हणून तो अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली ठराविक मुदतीत लिहिला जातो. डॉक्टरेटसाठी सादर करावयाचा प्रबंध, त्याखालच्या पदवीसाठी लिहिली जाणारी प्रबंधिका आणि विद्वत्पत्रिकांत प्रसिद्ध होणारा संशोधनपर लेख यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. तथापि त्याचा आवाका लहान असतो आणि त्याने ज्ञानात मोठी भर घालावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. अपेक्षा असते ती इतकीच, की निबंधातील प्रत्येक महत्त्वाचे विधान कशाच्या आधारे केले आहे, हे वाचकास तपासून पाहता यावे आणि सर्व विधाने मिळून मूळ प्रश्नाचे उत्तर सिद्ध व्हावे. या दोन अटी पुऱ्या न करणारे लेखन कितीही माहितीपूर्ण असले, तरी ते संकलनच राहते. महाविद्यालयांतून सादर होणारे पुष्कळ निबंध असे संकलनात्मक असतात. आळस किंवा भाषेचे दौर्बल्य यांपेक्षा नियोजनाचा अभाव हेच त्याचे अधिक खरे कारण दिसते : वाचन आधी, लेखन नंतर आणि प्रश्न शेवटपर्यंत नाहीच, असा त्यांचा क्रम असतो.

शोधनिबंधाची प्रथा मुख्यतः जर्मन विद्यापीठांतील चर्चासत्रांतून आली. अठराव्या शतकात गटिंगेन येथे प्राचीन भाषांच्या अध्ययनासाठी अशी सत्रे सुरू झाली होती. पुढे लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) या इतिहासकाराने बर्लिन येथे निवडक विद्यार्थ्यांपुढे मूळ कागदपत्रे ठेवून त्यांच्याकडून त्यांची चिकित्सा करवून घेण्याचा पायंडा पाडला. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ही पद्धत स्वीकारली व तेथून ती अमेरिकेतील इतर विद्यापीठांत पसरली. तळटीपा, संदर्भसूची, अवतरणे यांचे नियम त्यानंतर हळूहळू ठरत गेले. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने आपली शैलीपुस्तिका १९०६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच विद्यापीठात प्रबंधांची तपासणी करणाऱ्या केट टुरेबियन यांनी विद्यार्थ्यांसाठी १९३७ मध्ये काढलेली छोटी पुस्तिका पुढे ग्रंथरूप पावली व जगभर वापरली जाऊ लागली.

भारतातील चित्र वेगळे होते. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी होती. अध्यापन महाविद्यालयांत चाले, तेही नेमलेल्या पुस्तकांपुरते. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन व संशोधन हाती घेण्याचा मार्ग मोकळा झाला आणि मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग सुरू झाला. तथापि पाठ केलेले उत्तर तीन तासांत उतरवून काढण्याचे वळण मधल्या अर्धशतकात पक्के झाले होते आणि त्याची छाया आजच्या शोधनिबंधांवरही पडलेली दिसते. महाराष्ट्रात साधननिष्ठ संशोधनाची परंपरा विद्यापीठाबाहेरच वाढली. वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. बखरींपेक्षा समकालीन पत्रांना अधिक प्रमाण मानून त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत ग्रँट डफच्या विवेचनातील उणिवा दाखविल्या. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेथे वाचले जाणारे टिपणवजा लेख आकाराने लहान, पण बहुधा एकाच मुद्द्याला धरून असत. महाविद्यालयीन निबंधाला नमुना म्हणून ते आजही उपयोगी पडण्यासारखे आहेत. [→ इतिहासलेखनपद्धती]

विषय व प्रश्न : नियोजनाची सुरुवात विषयनिवडीने होते, असे समजले जाते, परंतु विषय हे केवळ एक क्षेत्र असते. त्या क्षेत्रात नेमके कोठे खणावयाचे, हे प्रश्न ठरवितो. ‘महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा : एक चिकित्सक अभ्यास’ यासारखी शीर्षके विद्यापीठीय सूच्यांत विपुल आढळतात. ‘चिकित्सक अभ्यास’ ही शब्दयोजना त्यांत इतकी रूढ झाली आहे, की ती काही सांगेनाशी झाली आहे. अशा शीर्षकाखाली शिवकालापासून सहकारी पतपेढ्यांपर्यंत काहीही घालता येते आणि विद्यार्थी ते घालतोही.

प्रश्न कसा घडतो हे पाहण्यासाठी १८७५ मधील दख्खनच्या दंग्यांचे उदाहरण घेता येईल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, त्यांची कर्जखते व हिशेबाच्या वह्या मागून घेऊन जाळल्या, धान्य लुटले व काही घरांना आग लावली. हे लोण पुणे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेस सादर झाला आणि १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा संमत झाला. एवढी माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. ‘दख्खनचे दंगे : कारणे, स्वरूप व परिणाम’ असा विषय घेतल्यास विद्यार्थी हीच माहिती पन्नास पानांत पुन्हा सांगेल. याउलट ‘दंगेखोरांचा रोख सावकारांच्या अंगावर असण्यापेक्षा त्यांच्या कागदपत्रांवर अधिक का होता?’ असे विचारले, की सामग्रीची दिशाच बदलते. कर्जखत म्हणजे काय, ते किती काळ कायदेशीर राही, त्याचे नूतनीकरण कसे होई, दिवाणी न्यायालय त्याला किती प्रमाण मानी, निरक्षर कुळाला त्यातील मजकूर कोण वाचून दाखवी, या गोष्टी शोधाव्या लागतात. आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी, सारावाढ, पावसाचा लहरीपणा इ. नेहमीच्या कारणांना निबंधात किती जागा द्यावयाची, हेही आपोआप ठरते.

चांगल्या प्रश्नाचे उत्तर प्रारंभी ठाऊक नसते आणि ते एकाहून अधिक प्रकारचे असू शकते. ज्याचे उत्तर ‘होय’ असेच यावयाचे, तो प्रश्न केवळ नावाचा होय. विद्यार्थ्याच्या आवाक्यातील साधनांनी आणि दिलेल्या मुदतीत त्याचे उत्तर देता आले पाहिजे, हे ओघानेच आले. इटालियन लेखक व चिन्हमीमांसक उंबेर्तो एको यांनी विद्यार्थ्यांच्या प्रबंधलेखनावर १९७७ मध्ये एक पुस्तक लिहिले. विषय जितका आखूड तितके काम चांगले व सुरक्षित, असा आग्रह त्यात त्यांनी धरला आहे. सुरक्षित हा शब्द येथे महत्त्वाचा आहे : व्यापक विषयावर लिहिणाऱ्याला परीक्षक कोठूनही अडवू शकतो, अरुंद विषयात मात्र काही महिन्यांच्या वाचनाने विद्यार्थी परीक्षकापेक्षा अधिक जाणकार होऊ शकतो.

साधने : साधनांचे प्राथमिक व दुय्यम असे वर्गीकरण सर्वत्र शिकविले जाते, परंतु तो कागदाचा अंगभूत गुण नव्हे. विचारलेल्या प्रश्नानुसार तो बदलतो. रविंदर कुमार यांचा पश्चिम भारतावरील ग्रंथ (१९६८) दंग्यांच्या अभ्यासाला दुय्यम साधन आहे. विसाव्या शतकातील भारतीय इतिहासलेखनाच्या अभ्यासाला तोच प्राथमिक ठरेल. आयोगाचा अहवाल हे दंग्यांचे सर्वांत भरघोस साधन होय. पण तो कोणी, कोणासाठी व कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिला, हे पाहिल्याविना त्यातील निष्कर्ष उचलणे धोक्याचे आहे. सरकारी सारा हे दंग्यांचे कारण होते काय, हे ठरविणे हा आयोगाच्या कामाचाच भाग होता आणि आयोगाने दोष मुख्यतः सावकारी व्यवहार व ते चालविणारी कायदेपद्धती यांवर ठेवला. आयोगाचे एक सदस्य ऑक्लंड कॉल्व्हिन यांनी मात्र आपल्या स्वतंत्र टिपणात सारावाढीला पुष्कळ अधिक महत्त्व दिले. केवळ अहवालाचा सारांश वाचणाऱ्याला हा मतभेद दिसत नाही.

नवख्या लेखकाकडून येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, एकाच उगमाची दोन साधने स्वतंत्र पुरावे म्हणून मोजणे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्यावरील खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दंग्यांचा वृत्तांत मुख्यतः सरकारी कागदांवरच आधारलेला असल्याने तो अहवालाला दुजोरा देतो असे म्हणण्यात अर्थ नाही. दुसरी चूक काळाची. केसरी १८८१ मध्ये सुरू झाला, दीनबंधु १८७७ मध्ये आणि जोतीराव फुले यांचा शेतकऱ्याचा असूड १८८३ मधील आहे. १८७५ च्या उन्हाळ्यात लोक काय बोलत होते, याचा पुरावा म्हणून यांपैकी कशाचाही उपयोग होणार नाही. दंग्यांनंतरच्या दशकात ग्रामीण कर्जाविषयी विचार कसा बदलला, यासाठी मात्र ती उत्तम साधने होत. समकालीन वृत्तपत्र हवे असल्यास १८४९ पासून पुण्यात निघणाऱ्या ज्ञानप्रकाशाकडे किंवा देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे सरकारने तयार करविलेल्या साप्ताहिक इंग्रजी गोषवाऱ्यांकडे वळावे लागते. या गोषवाऱ्यांतही काय घ्यावे व काय गाळावे, हे ठरविणारा सरकारी अनुवादकच असे.

आपल्या प्रश्नावर आधी कोणी काय म्हटले आहे, याचा आढावा शोधनिबंधात अपेक्षित असतो. पुष्कळदा तो ग्रंथांच्या नावांची व एकेका परिच्छेदाच्या सारांशांची माळ होऊन बसतो. त्याचे खरे काम, वाद कोठे आहे हे दाखविण्याचे. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये एका लेखात दख्खनच्या दंग्यांची व्याप्ती व परिणाम हे दोन्ही इतिहासकारांनी फुगविले आहेत, असे प्रतिपादन केले. हे मत मान्य केले, तर निबंधाचा प्रश्नच लहान होतो. अमान्य केले, तर का ते सांगावे लागते. त्याचा उल्लेख टाळून मात्र पुढे जाता येत नाही.

टिपणे : वाचन आणि लेखन यांमधील दुवा म्हणजे टिपणे. वहीत एकाखाली एक लिहिलेली टिपणे पुस्तकाच्या क्रमाने पडतात, निबंधाला मात्र ती मुद्द्यांच्या क्रमाने हवी असतात. म्हणून सुट्या पत्रांवर टिपणे घेण्याची पद्धत रूढ झाली. लांग्ल्वा व सेन्योबॉस या फ्रेंच इतिहासकारांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासाध्ययनविषयक ग्रंथात तिचा पुरस्कार केला होता. इंग्रज समाजशास्त्रज्ञ बिअट्रिस वेब यांनी १९२६ मधील आपल्या आत्मचरित्राच्या परिशिष्टात तिचे मर्म सांगितले आहे. एका पत्रावर एकच वस्तुस्थिती, तिच्यासोबत तारीख, स्थळ व आधार नोंदवावयाचा, म्हणजे तीच पत्रे काळानुसार, स्थळानुसार किंवा कारणानुसार पुन्हापुन्हा लावून पाहता येतात आणि आधी न दिसलेले संबंध दिसू लागतात, असा त्यांचा अनुभव होता. आज हे काम संगणकावर होते. साधन बदलले तरी नियम बदललेला नाही. उलट संपूर्ण पुस्तकाची प्रत संगणकात साठविली म्हणजे ते वाचून झाले, असे वाटण्याचा धोका वाढला आहे.

टिपणात मूळ लेखकाचे शब्द, त्याच्या म्हणण्याचा आपण केलेला सारांश आणि आपले स्वतःचे मत ही तीन वेगवेगळ्या खुणांनी वेगळी ठेवावी लागतात. दोन महिन्यांनी कोणते वाक्य कोणाचे, हे स्मरणात राहत नाही. हेतुपुरस्सर केलेली उचलेगिरी सोडली, तर वाङ्मयचौर्याचे बरेच प्रकार याच टप्प्यावर जन्माला येतात.

आराखडा : टिपणे पुरेशी झाली, की मांडणीचा प्रश्न येतो, आणि येथेच शोधनिबंध सिद्ध होतो किंवा फसतो. आराखडा म्हणजे प्रकरणांच्या नावांची यादी, अशी समजूत आहे. ‘सावकारी’, ‘न्यायालये’, ‘दंगे’, ‘कायदा’ अशी चार नावे लिहून काहीच ठरत नाही, कारण नावाला खरेखोटेपणा नसतो. त्याऐवजी प्रत्येक भाग कोणते विधान सिद्ध करणार, ते पूर्ण वाक्यात लिहावे. वरील उदाहरणात पहिले वाक्य असे होईल : १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताला तीन वर्षांचीच मर्यादा घातल्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले. दुसरे : खतावर अंगठा किंवा निशाणी दिसली, की त्यामागील व्यवहाराची फारशी चौकशी न करता न्यायालये हुकूमनामे देत, त्यामुळे कागद हेच सावकाराचे मुख्य बळ बनले. तिसरे : दंग्यांत जेथे खते राजीखुशीने हवाली केली गेली, तेथे हिंसा कमी झाली. चौथे : १८७९ च्या कायद्याने खतामागील व्यवहार तपासण्याचे कर्तव्य न्यायालयांवर टाकले, खेड्यांतील दस्तनोंदणीची व्यवस्था केली व कर्जासाठी होणारी कैद बंद केली, म्हणजे शासनानेही दुखणे कागदातच आहे असे मानले.

अशी वाक्ये लिहिताच त्यांतील कोणते कच्चे आहे, ते उघडे पडते. पहिल्यास व चौथ्यास कायद्याच्या मजकुराचा आधार आहे. दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष दाव्यांचे कागद किंवा आयोगापुढील साक्षी पाहाव्या लागतील. तिसरे तूर्त केवळ गृहीतक आहे. गावोगावच्या घटना एकेक करून तपासल्याखेरीज ते विधान म्हणून लिहिता येणार नाही, आणि तपासाअंती ते खोटे ठरल्यास निबंधाचा कणाच बदलावा लागेल. ही शक्यता लेखनाला बसण्यापूर्वी कळणे, हाच आराखड्याचा मोठा लाभ. एकोही अनुक्रमणिका व प्रस्तावना अगदी प्रारंभी लिहावयास सांगतात, ते याच कारणासाठी. अर्थात पुढे त्या अनेकदा बदलाव्या लागणार हे गृहीत धरून.

एकाच सामग्रीची मांडणी अनेक प्रकारे करता येते. कालानुक्रम घेतला, तर शिरूर तालुक्यातील कर्डे येथे १८७४ मध्ये सावकारांवर घातलेल्या सामाजिक बहिष्कारापासून प्रारंभ करून सुप्यावरून १८७९ च्या कायद्यापर्यंत जाता येते. कथन सुरळीत होते, मात्र ‘का’ या प्रश्नाचे उत्तर वाटेत विखुरते. कारणपरंपरेने मांडले, तर उत्तर ठसठशीत होते, पण घटना दुसऱ्या-तिसऱ्यांदा सांगाव्या लागतात. दंगा झालेल्या व न झालेल्या शेजारच्या गावांची तुलना केली, तर सर्वांत सबळ युक्तिवाद हाती येतो. तिला लागणारी सामग्रीही सर्वांत अवघड असते. बहुतेक विद्यार्थ्यांनी कालक्रमाचा आधार घेऊन प्रत्येक भागाच्या अखेरीस मूळ प्रश्नाकडे वळणे श्रेयस्कर. कोणतीही पद्धत घेतली, तरी विरोधी पुराव्याला आराखड्यातच जागा राखून ठेवली पाहिजे. सुप्यास धान्य व माल यांचीही लूट झाली. जमावाला केवळ कागदच हवे होते, या प्रतिपादनाला ती बाध आणते. हा पुरावा तळटीपेत दडविणे हा अप्रामाणिकपणा तर आहेच, शिवाय परीक्षकाच्या हाती आयते शस्त्र देणेही आहे. कागद व धान्य यांपैकी आधी कशाला हात घातला गेला, सर्व गावांत लूट झाली काय, हे प्रश्न उपस्थित केले, तर हाच अडथळा निबंधाचा सर्वांत वाचनीय भाग होऊ शकतो.

विज्ञानशाखांतील निबंधाची बांधणी पुष्कळशी ठरलेली असते. समस्या, पद्धती, निरीक्षणे व चर्चा या क्रमात लेखकाला फारसे स्वातंत्र्य नसते आणि नियोजनाचा भर प्रयोगाच्या आखणीवर पडतो. [→ वैज्ञानिक पद्धती] सामाजिक शास्त्रांतील सर्वेक्षणात्मक निबंधांत प्रश्नावली आधी व प्रश्न नंतर, अशी उलटी गत दिसते. शंभर प्रतिसादकांची टक्केवारी काढून झाल्यावर तिचे काय करावयाचे, हे लेखकास उमगत नाही.

लेखन : खर्डा प्रस्तावनेपासूनच सुरू करण्याचे बंधन नाही. ज्या भागाची सामग्री पक्की, तो आधी लिहावा. सुरुवातीला लिहून ठेवलेली प्रस्तावना शेवटी निष्कर्षाशी ताडून पुन्हा लिहावी लागतेच. परिच्छेद हा मांडणीचा लहानात लहान घटक असून त्याने आराखड्यातील एखादे विधान किंवा त्याचा अंश पुढे नेला पाहिजे. अवतरणे लांब असू नयेत. मूळ शब्दांवरच मुद्दा अवलंबून असेल, तेथे ती द्यावीत व लगेच त्यांचा अर्थ लावावा. ज्ञात घटनेला तळटीप नको. वादग्रस्त विधानाला, आकड्याला व दुसऱ्याच्या मताला ती हवीच.

मराठीत लिहिणाऱ्याला काही अडचणी वेगळ्या येतात. एकोणिसाव्या शतकातील बरीच साधने इंग्रजीत असल्याने अवतरण अनुवादित करावे लागते. अनुवाद कोणाचा, हे नमूद करणे आवश्यक असते. स्थलनामे इंग्रजी लिपीतून परत मराठीत आणताना घोटाळे होतात. सुपे इंग्रजी कागदांत ‘सुपा’ असे लिहिलेले आढळते आणि अहमदनगर जिल्ह्यात सुपे नावाचे दुसरे गाव आहे. प्रशासकीय सीमाही बदललेल्या असतात. दंग्यांचे सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडे, आज ते बारामती तालुक्यात आहे. दोन काळांचे तालुकावार आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हे न पाहिल्यास सारी तुलना व्यर्थ जाते. मोडी कागदांतील शक वर्षाचे रूपांतर करताना शक वर्ष चैत्रात सुरू होते, हे लक्षात ठेवावे लागते. शके १७९७ चा पौष-माघ हा इ. स. १८७६ च्या प्रारंभी येतो, १८७५ च्या नव्हे. ‘डिक्री’ला हुकूमनामा, ‘बाँड’ला खत किंवा रोखा यांपैकी कोणता शब्द घ्यावयाचा, ते एकदा ठरवून सर्वत्र तोच वापरावा.

वेळेचे गणित विद्यार्थी बहुधा उलटे मांडतात. पंधरा आठवड्यांचे सत्र असेल, तर पहिले दोन प्रश्न निश्चित करण्यासाठी व प्राथमिक ग्रंथसूचीसाठी, सहा वाचन व टिपणांसाठी, एक आराखड्यासाठी, तीन खर्ड्यासाठी आणि उरलेले तीन दुरुस्ती, संदर्भांची पडताळणी व टंकलेखन यांसाठी, अशी विभागणी सोयीची पडते. अखेरच्या तीन आठवड्यांवर बहुतेक सर्व गदा येते. तळटीपेतील पृष्ठांक पुन्हा मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे, हे काम कंटाळवाणे असले, तरी लेखकाची विश्वासार्हता परीक्षक त्यावरूनच जोखतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम काढले. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे साम्याच्या प्रमाणात दुरुस्ती करून पुन्हा सादर करण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत परिणाम सांगितले आहेत. साम्य मोजणाऱ्या संगणकीय प्रणाली शब्दांची तुलना करतात. इंग्रजी ग्रंथातील युक्तिवाद मराठीत उतरवून स्वतःचा म्हणून दिला, तर त्यांना तो सहसा सापडत नाही, पण त्यामुळे तो लेखकाचा होत नाही. अलीकडे संगणकाकडून मजकूर तयार करून घेण्याच्या सोयी सर्वांच्या हाती आल्या आहेत. अशा मजकुरात अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे व लेखांचे संदर्भ आढळल्याची उदाहरणे अनेक आहेत; त्यामुळे सूचीतील प्रत्येक नोंद लेखकाने डोळ्यांनी पाहिलेली असावी, या जुन्या नियमाला नवे महत्त्व आले आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या संशोधनयुक्त पदवीची तरतूद केली आणि २०२२ मधील विनियमांनी एम्. फिल्. ही पदवी बंद केली. परिणामी पूर्वी पदव्युत्तर पातळीवर होणारे प्रशिक्षण आता पदवीच्या विद्यार्थ्याला घ्यावे लागते. मुंबई किंवा पुणे येथील पुराभिलेखागारात जाऊन महिनाभर बसणे तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलामुलींना क्वचितच शक्य असते. जुनी गॅझेटिअरे व अनेक दुर्मिळ ग्रंथ आता संगणकावर वाचता येतात, तसेच ‘शोधगंगा’ या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध उपलब्ध आहेत. याखेरीज विविध कार्यकारी सोसायट्यांची इतिवृत्ते, शाळांची जुनी नोंदणीपुस्तके, बाजार समित्यांचे दरपत्रक, देवस्थानांच्या हिशेबाच्या वह्या अशी सामग्री गावोगावी पडून आहे. तिच्यावर फार थोड्यांनी काम केले आहे, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यास बहुधा संबंधितांची रीतसर परवानगी व एक सायकल एवढेच लागते.